सुई आपल्या हाती

इंजेक्शनबद्दल आपल्या घरांतून दोन मते ऐकू येतात आणि गंमत अशी, की ही दोन्ही मते बहुधा एकाच माणसाची असतात. पहिले मत असे, की "गोळ्यांनी काही होत नाही, एक इंजेक्शन घेऊन टाका, म्हणजे उद्या हिंडू-फिरू लागाल." दुसरे मत असे, की "छे, सुईला आपण हात लावायचा नाही, ते डॉक्टरांचं काम." म्हणजे सुई एकीकडे रामबाण आणि दुसरीकडे सोवळ्यातली!

मला ही दोन्ही मते पटत नाहीत, आणि का पटत नाहीत हे आज जरा सविस्तर लिहायचे आहे. निमित्त बी-१२ च्या इंजेक्शनांचे. आमच्या वयाची चार मंडळी एकत्र जमली की गुडघ्यांनंतर हल्ली दुसरा विषय हाच निघतो. मी ही इंजेक्शने घरी, स्वतःच्या हाताने घ्यायला शिकले आहे. ही बातमी फुटल्यावर नातेवाइकांत बरीच खळबळ उडाली. धाकट्या जावेपासून परदेशातल्या मुलापर्यंत सगळ्यांचे फोन आले. प्रत्येकाला वेगवेगळे सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहिलेले बरे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. ज्यांना डॉक्टरांनी दीर्घकाळ घ्यायची इंजेक्शने लिहून दिली आहेत आणि ज्यांचा हात व नजर स्थिर आहे, त्यांनी ती घरी घ्यायला जरूर शिकावे. पण शिकायचे ते पूर्ण शिकावे. कशासाठी, किती, किती दिवस आणि कधी थांबायचे, हे सगळे त्या शिकण्यात आले पाहिजे. ज्याला नुसते टोचता येते त्याने अर्धेच शिकले आहे, आणि अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही.

आधी या बी-१२ विषयी थोडेसे. हे जीवनसत्त्व ना वनस्पती तयार करतात ना प्राणी. ते फक्त काही सूक्ष्म जीवाणू तयार करतात. प्राण्यांच्या शरीरातून ते दूध, दही, अंडी, मासे, मांस यांत येते. पालेभाजी कितीही खाल्ली तरी त्यातून ते मिळत नाही. गरज म्हणाल तर अगदी क्षुल्लक, दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. पण ते रक्तात पोचण्याचा रस्ता मात्र अवघड आहे. जठरातले आम्ल त्याला अन्नापासून सुटे करते, मग जठरातच तयार होणारे एक विशिष्ट प्रथिन त्याचा हात धरते आणि लहान आतड्याच्या शेवटच्या भागापर्यंत त्याला पोचवते. वय झाले की आम्ल कमी होते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत ते कमी शोषले जाते. ॲसिडिटीच्या गोळ्या रोज सकाळी चहाआधी घेणाऱ्यांचेही तेच. आता तुम्हीच बघा, शाकाहारी, सत्तरी ओलांडलेली, मधुमेह आणि ॲसिडिटी या दोन्हींच्या गोळ्या चालू असलेली किती माणसे आपल्या ओळखीत आहेत!

ही कल्पनेतली गोष्ट नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातल्या मध्यमवयीन पुरुषांची केलेली पाहणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात सुमारे दोन-तृतीयांश जणांच्या रक्तात बी-१२ कमी आढळले, आणि शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण खेड्यातल्यापेक्षाही जास्त निघाले. म्हणजे खाऊनपिऊन सुखी म्हणतात ती आपली माणसे.

ही कमतरता हळू येते, कारण यकृतात काही वर्षे पुरेल इतका साठा असतो. तो सरला की थकवा, तोंड येणे, पायांना मुंग्या, चालताना तोल जाणे, विसरभोळेपणा अशी लक्षणे दिसू लागतात. आपल्याकडे यातल्या प्रत्येक गोष्टीला "वय झालं" हे एकच निदान ठरलेले आहे. खरा धोका तिथेच आहे. रक्त भरून निघते, पण मज्जातंतूंची हानी फार काळ तशीच राहिली तर ती पूर्णपणे भरून येईलच असे नाही. म्हणून पायांना मुंग्या येत असतील तर वयावर बोट ठेवण्याआधी रक्ताची तपासणी करून घ्यावी, हे मी प्रत्येकाला सांगत असते.

माझ्याही पायांना अशाच मुंग्या येऊ लागल्या होत्या. तपासणीत आकडा आला ११८. प्रयोगशाळेच्या कागदावर खालची मर्यादा २०० छापलेली होती. डॉक्टरांनी वेळापत्रक लिहून दिले: पहिले दोन आठवडे एक दिवसाआड, मग महिनाभर आठवड्याला एक, त्यानंतर महिन्याला एक, आणि सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी. आता एक दिवसाआड दवाखान्यात जायचे म्हणजे आमच्या इमारतीचे तीन जिने उतरायचे, रिक्षा मिळवायची, नंबर लावून बसायचे, आणि परत तीन जिने चढायचे. ज्या पायांसाठी औषध घ्यायचे त्या पायांनाच ही शिक्षा. मी डॉक्टरांना विचारले, "मधुमेहाची माणसं घरी घेतात, मग मला का येणार नाही?" ते हसले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही शिकवणाऱ्या आहात, शिकायला तयार असाल तर सिस्टरना सांगतो."

या प्रश्नात मी काही नवीन विचारले नव्हते. इन्सुलिनची पहिली यशस्वी इंजेक्शने १९२२ मध्ये दिली गेली आणि त्यानंतर लवकरच हे उघड झाले, की रोज लागणारी सुई रोज डॉक्टर टोचू शकणार नाही. अमेरिकेत बोस्टनला एलियट जॉस्लिन नावाचे मधुमेहाचे मोठे डॉक्टर होते. रोग्याला शिकवणे हा उपचाराचाच भाग आहे असा त्यांचा आग्रह होता, आणि त्यासाठी त्यांनी परिचारिकांना शिक्षिका म्हणून तयार केले. एका शिक्षिकेला ही गोष्ट आवडणारच!

या जॉस्लिनसाहेबांच्या रोग्यांमध्ये जॉर्ज मायनॉट नावाचे एक तरुण डॉक्टर होते. १९२१ मध्ये त्यांना मधुमेह झाला. त्या काळी त्यावर उपासमारीच्या आहाराखेरीज उपाय नव्हता. १९२३ मध्ये त्यांना इन्सुलिन मिळू लागले आणि ते जगले. पुढे १९२६ मध्ये याच मायनॉट यांनी विल्यम मर्फी यांच्याबरोबर असे दाखवून दिले, की त्या वेळी हमखास जीव घेणाऱ्या एका प्रकारच्या पंडुरोगावर रोज भरपूर यकृत खायला दिले तर रोगी बरा होतो. यकृतात असे काय होते, ते १९४८ मध्ये कळले. लाल रंगाचे स्फटिक हाती आले, तेच आपले बी-१२. मायनॉट, मर्फी आणि त्यांच्या आधी कुत्र्यांवर प्रयोग करणारे जॉर्ज व्हिपल यांना १९३४ चे नोबेल पारितोषिक मिळाले होते. म्हणजे बघा, इन्सुलिनच्या सुईवर जगलेल्या एका रोग्याच्या हातून बी-१२ च्या शोधाची वाट मोकळी झाली. "सुई घरात नको" म्हणणाऱ्या आमच्या जाऊबाईंना मी हीच गोष्ट सांगितली.

पण आता दुसऱ्या बाजूकडे वळते, कारण "एक इंजेक्शन घेऊन टाका" म्हणणारेही तितकेच चुकतात. किंबहुना जास्तच.

पहिली गोष्ट म्हणजे सुई लागतेच असे नाही. थोडे गणित करू. बी-१२ ची गोळी साधारणपणे हजार मायक्रोग्रॅमपर्यंतची मिळते. जठरातले ते हात धरणारे प्रथिन मुळीच नसले, तरीही या डोसातला सुमारे एक टक्का आपोआप झिरपून रक्तात जातो. हजाराचा एक टक्का म्हणजे दहा मायक्रोग्रॅम. गरज दोन-अडीचची. म्हणजे पुष्कळ लोकांचे काम रोजच्या गोळीनेही भागू शकते. मज्जातंतूंची लक्षणे असतील, आतड्याचे किंवा जठराचे ऑपरेशन झालेले असेल, साठा तळाला गेलेला असून तो लवकर भरायचा असेल, तर डॉक्टर इंजेक्शनपासून सुरुवात करतात. कोणाला काय, हे ते ठरवतील. पण "सुईत ताकद जास्त" ही समजूत काढून टाकायला हवी. मलाही पुढे गोळीवर नेता येईल का, हे सहा महिन्यांच्या तपासणीनंतर ठरणार आहे. सुई टोचता येते म्हणून ती जन्मभर टोचत राहायची, असे मुळीच नाही.

दुसरी गोष्ट, सगळी जीवनसत्त्वे सारखी नसतात. बी-१२ पाण्यात विरघळते, जास्त झाले तर बव्हंशी लघवीवाटे निघून जाते. ड जीवनसत्त्वाचे तसे नाही. ते तेलात विरघळते आणि शरीरात साठून राहते. आपल्याकडे त्याचे सहा लाख युनिटचे इंजेक्शन मिळते. सत्तरीनंतर दिवसाची गरज आठशे युनिट धरली, तर सहा लाखांना आठशेने भागा: साडेसातशे दिवस! म्हणजे एका कुपीत दोन वर्षांहून अधिक काळाचा शिधा. डॉक्टरांनी एकदा दिलेले हे इंजेक्शन "बरं वाटलं" म्हणून कोणी दर पंधरा दिवसांनी आपल्याच मनाने घेतले, तर रक्तातले कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांवर बेतते. अति तेथे माती म्हणतात ते याला.

तिसरी गोष्ट आपल्या मुंबईशी जोडलेली आहे. ल्यूसी विल्स नावाची इंग्लंडमधली डॉक्टर १९२८ मध्ये गरोदर स्त्रियांच्या पंडुरोगाचा अभ्यास करायला मुंबईत आली. गिरणीत काम करणाऱ्या गरीब बायकांमध्ये हा रोग फार होता. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे तिने शोधून काढले आणि १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातला गुणकारी पदार्थ म्हणजे फॉलिक ॲसिड. ते कृत्रिम रीतीने तयार झाले १९४५ मध्ये, अमेरिकेत, आणि त्या कामाचे नेतृत्व आंध्रातून गेलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होते. आता यातली मेख अशी: बी-१२ कमी असलेल्या माणसाला नुसते फॉलिक ॲसिड दिले, तर रक्त सुधारल्यासारखे दिसते, पण मज्जातंतूंची झीज आतल्या आत चालूच राहते. म्हणजे चुकीचे टॉनिक माणसाला बरे केल्याचा भास निर्माण करू शकते. औषधाच्या दुकानात जाऊन "अशक्तपणावर काहीतरी चांगलं द्या" म्हणणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

म्हणून मी दोन कामे वेगळी मानते. काय आणि किती हे ठरवणे हे डॉक्टरांचे काम. ते नेमके तसेच पार पाडणे हे शिकता येण्याजोगे हस्तकौशल्य. आपल्याकडे या दोन्हींची अदलाबदल झालेली आहे. ठरवायला सगळे पुढे, आणि शिकायला कोणी नाही.

आता शिकण्याविषयी. सिस्टर तिशीतली मुलगी होती, पण शिकवण्याची हातोटी अशी, की माझ्या चाळीस वर्षांच्या नोकरीत मी तशी फार थोड्यांत पाहिली. पहिले इंजेक्शन डॉक्टरांसमोरच द्यायचे, हा तिचा पहिला नियम. कारण क्वचित का होईना, इंजेक्शनची ॲलर्जी येऊ शकते, विशेषतः बी-१ वगैरे मिसळलेल्या बी-कॉम्प्लेक्सची. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास लागला तर घरी वाट बघत बसायचे नाही, १०८ ला फोन करायचा. दोन इंजेक्शने तिने दिली आणि मी नुसती पाहिली. मग तिने मोसंबे आणि रिकामी सिरिंज माझ्या हाती दिली. मोसंब्याच्या सालीतून सुई आत जाताना हाताला जे जाणवते, ते बरेचसे कातडीसारखेच असते म्हणे. मी सहा मोसंब्यांना साधे पाणी टोचले. सातव्या वेळी ती म्हणाली, "आजी, आता पाय सैल सोडा, आणि श्वास रोखू नका."

जागा मांडीची. मांडीचे कंबरेपासून गुडघ्यापर्यंत तीन भाग कल्पायचे आणि मधल्या भागाची बाहेरची बाजू निवडायची. दंडावर स्वतःचे स्वतःला नीट जमत नाही, आणि पाठीमागे कमरेखाली तर मुळीच हात न्यायचा नाही, कारण तिथून पायाची मोठी नस जाते आणि आपल्याला ते दिसतही नाही. कुठले औषध स्नायूत द्यायचे आणि कुठले कातडीखाली, हे चिठ्ठीवर लिहून घ्यायचे, अंदाज करायचा नाही. सुईची लांबी-जाडीही त्यांनीच लिहून दिली.

बाकी क्रम मी फळ्यावर लिहावा तसा मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे. साबणाने हात धुणे. कुपीवरचे नाव, प्रमाण आणि मुदत मोठ्याने वाचणे. हो, मोठ्याने, कारण मनात वाचताना डोळे पुढे पळतात. कुपी तपकिरी काचेची असते, कारण उजेडाने हे औषध खराब होते, म्हणून ती आयत्या वेळी खोक्यातून काढायची. कापसात धरून तिची मान मोडायची. औषध ओढायची सुई वेगळी, टोचायची वेगळी. सिरिंज उभी धरून हवा काढून टाकायची. स्पिरिटचा बोळा फिरवल्यावर जागा वाळू द्यायची, फुंकर मारायची नाही. सुई सरळ, काटकोनात, बिचकत नव्हे तर एका दमात. औषध सावकाश. सुई काढल्यावर बोळा दाबून धरायचा, चोळायचे नाही. आणि वहीत तारीख, कुठला पाय, कुपीचा क्रमांक.

दुखते का, असे सगळे विचारतात. थोडे दुखते. पण आमच्या लहानपणी काचेची सिरिंज आणि जाडजूड सुई चपट्या डबीत घालून स्टोव्हवर उकळत ठेवायचे, आणि त्या उकळण्याच्या आवाजानेच आम्ही रडायला लागायचो. आमच्या पिढीची सुईची भीती त्या डबीतली आहे. आजची सुई बारीक, नवी आणि एकदाच वापरायची असते. जी भीती कारण संपल्यावरही उरते, ती शिकण्याने जाते असा माझा वर्गातला अनुभव आहे. गणिताचेही असेच असते.

आता आक्षेपांकडे येते, कारण ते खोटे नाहीत.

मुलगा म्हणाला, "आई, हात थरथरला तर?" बरोबर आहे. ज्यांचा हात थरथरतो, ज्यांना कुपीवरची बारीक अक्षरे दिसत नाहीत, जे रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेतात, ज्यांना विस्मरण होऊ लागले आहे, त्यांनी हे करू नये किंवा घरातल्या दुसऱ्याने शिकावे. मला जमते म्हणून सर्वांनी करावे असे मी म्हणत नाही. मलाही आणखी पाच वर्षांनी जमेलच असे नाही, आणि तेव्हा मी बिनतक्रार दुसऱ्याच्या हाती सुई देईन.

दुसरा आक्षेप माझ्या पुतणीचा. ती स्वतः डॉक्टर आहे. ती म्हणाली, "काकू, पेशंट घरी इंजेक्शन घ्यायला लागला की आमच्या नजरेआड होतो." हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. दवाखान्यात गेले की सिस्टर सहज विचारते, "पायाच्या मुंग्या कमी आहेत का?" घरी हे कोणी विचारत नाही. यावर मी काढलेला उपाय म्हणजे ती वही. पुढच्या तपासणीची तारीख आधीच लिहिलेली आहे आणि त्या तारखेनंतरची एकही कुपी मी आणून ठेवलेली नाही. कुप्या संपल्या की डॉक्टरांकडे जावेच लागते.

तिसरा धोका कोणी बोलून दाखवला नाही, तो दाराशी चालत आला. शेजारच्या बाई खोके घेऊन आल्या: "वहिनी, तुम्हाला येतंच आहे तर मलाही टोचा ना, कंपाऊंडरचे पैसे वाचतील." मी नाही म्हटले. त्यांना वाईट वाटले, पण माझा नाइलाज होता. स्वतःला इंजेक्शन घेणे आणि दुसऱ्याला देणे यांत फार अंतर आहे. हे अंतर ओलांडले की आपल्या देशात काय होते, ते आपण पाहिले आहे. २००९ मध्ये गुजरातेत मोडासा भागात वापरलेल्या सिरिंजा पुन्हा वापरल्याने काविळीची साथ पसरली आणि अनेकांचा बळी गेला. २०१८ मध्ये उत्तर प्रदेशातल्या उन्नाव जिल्ह्यात, बांगरमऊला, एक भोंदू डॉक्टर एकाच सुईने गावभर इंजेक्शने देत होता असे पुढे आले, आणि तिथे कित्येकांना एचआयव्हीची लागण झालेली आढळली. ही माणसे काही हौसेने गेली नव्हती. "एक सुई टोचा" या श्रद्धेनेच ती गेली होती. त्यांच्यापैकी कोणाला नवे पाकीट समोर फोडलेले पाहायचे असते हे माहीत असते, तर? म्हणून मी म्हणते, की जो सुईविषयी शिकतो तो दुसऱ्याच्या हातून इंजेक्शन घेतानाही डोळे उघडे ठेवतो. पूर्वी एका दवाखान्यात मी कंपाऊंडरला वापरलेली सुई टोपण घालून ट्रेमध्येच ठेवताना पाहिले होते. आता असे दिसले तर मी तिथेच विचारीन.

शेवटचा मुद्दा सुईच्या शेवटाचा. टोचून झाल्यावर ती जाते कुठे? पुष्कळ घरांतून ती कागदात गुंडाळून केराच्या बादलीत टाकली जाते, आणि सकाळी कचरा वेगळा करणाऱ्या बाईच्या बोटात शिरते. आपला बी-१२ चा आकडा सुधारतो आणि तिच्या वाट्याला धनुर्वाताची, काविळीची भीती येते. २०१६ च्या घनकचऱ्याच्या नियमांनी घरातल्या सुया-सिरिंजा घातक कचऱ्यात धरल्या, पण नियम कागदावर आणि बादली दाराशी. मी जाड प्लास्टिकची, फिरकीच्या झाकणाची बरणी ठेवली आहे. सुईला पुन्हा टोपण घालायचे नाही (टोचण्याचे अपघात त्यातच होतात), सिरिंजसकट सरळ बरणीत. मोडलेल्या कुप्याही त्यातच. तीन-चतुर्थांश भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करून दवाखान्यात द्यायची. सिस्टरला आधी विचारून ठेवले आहे. ज्यांना एवढे करायचे नसेल त्यांनी घरी सुई आणूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. पैशांसाठी तर नक्कीच नाही, वाचतात ते थोडेच. २०२० चा मार्च आठवा. टाळेबंदी लागली आणि म्हाताऱ्या माणसांनी घराबाहेर पडू नये असे सांगितले गेले. तेव्हा ब्रिटनमध्येही अनेक दवाखान्यांनी बी-१२ ची नियमित इंजेक्शने पुढे ढकलली किंवा रोग्यांना गोळ्यांवर नेले. सगळ्या सोयी असलेल्या देशात ही स्थिती, तर आपल्याकडे तिसऱ्या मजल्यावर एकटे राहणाऱ्यांचे काय? मुले दूर, शेजारी आपापल्या कामात, बाहेर धो-धो पाऊस. अशा वेळी आपल्या शरीराचे एक काम आपल्याला येते, याचा आधार मोठा असतो. म्हातारपणात एकेक काम आपल्या हातून सुटत जाते. आधी स्कूटर, मग बँक, मग बाजार. एखादे काम नव्याने हाती येते, ही गोष्ट या वयात दुर्मीळ आहे, आणि तिची किंमत तरुणांना चटकन कळणार नाही.

म्हणून मुलांना माझे सांगणे, की आईवडील असे काही शिकू पाहत असतील तर "नको गं, जमणार नाही" हे पहिले वाक्य असू नये. "कोणी लिहून दिलंय, किती दिवस घ्यायचंय, पुढची तपासणी कधी?" हे तीन प्रश्न विचारावेत. उत्तरे नीट आली तर शिकू द्यावे. आणि डॉक्टरांना विनंती, की दीर्घकाळ इंजेक्शने लिहून देताना "शिकायचंय का?" एवढे विचारावे. सगळे हो म्हणणार नाहीत. पण जे म्हणतील ते तुमची चिठ्ठी अधिक लक्षपूर्वक वाचतील.

असो. पायांच्या मुंग्या बऱ्याच कमी आहेत, पूर्ण गेलेल्या नाहीत. त्याला महिने लागतात असे डॉक्टर म्हणतात. हे वाचून कोणाला आपला बी-१२ चा आकडा मला कळवून "किती घेऊ?" असे विचारावेसे वाटले, तर त्यांनी तो प्रश्न आपल्या डॉक्टरांना विचारावा. मला विचारायचाच तर बरणी कुठली घ्यावी एवढाच विचारावा.